आधी वही दाखव

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण परभणीकरांना नवी नाही. पण मुलगी ‘मला चित्रकलेलाच जायचंय’ म्हणाली, की घरात म्हणीचा अर्थ उलटा होतो. नाही बनली, तर परभणीत येऊन करणार काय?

असे पालक भेटले की आधी मोबाईल पुढे करतात. त्यात शिवाजी महाराजांचे पेन्सिलीतले चित्र असते, फोटोवर चौकटी आखून हुबेहूब उतरवलेले. मी म्हणतो, हे राहू द्या, वही दाखवा. जिच्यात दुपारी झोपलेली आजी आहे, हौदावरची म्हैस आहे आणि निम्मी पाने फसलेली आहेत, अशी रोजची वही. बहुतेकांकडे ती नसते. फोटोत काय घ्यायचे, काय सोडायचे, सावली कुठे संपते हे दुसऱ्या कोणी आधीच ठरवलेले असते. ते स्वतः ठरवायला शिकणे, यातच चित्रकाराचे निम्मे शिक्षण आहे.

परीक्षाही तेच विचारतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असते. आपल्याकडे या परीक्षा बहुधा दहावीच्या वाढीव गुणांसाठी देतात. इंटरमिजिएटच्या अ श्रेणीला 7, ब ला 5, क ला 3 गुण. ते पदरात पडले की ड्रॉइंग बोर्ड माळ्यावर. बारावी कोणत्याही शाखेतून केली तरी चालते, पण चार वर्षांच्या बीएफएसाठी सीईटी द्यावी लागते. तिथे पुन्हा समोर मांडलेल्या वस्तू, आठवणीतला प्रसंग आणि डिझाइन. महाराजांचा फोटो उतरवणारा हात तिथे अडतो. म्हणून अकरावीपासून परभणीच्या स्टेशनवर, आठवडी बाजारात, गंगाखेडच्या गोदाकाठी, चारठाण्याच्या देवळांतल्या कोरीव खांबांसमोर बसा. फी लागत नाही.

कॉलेजचे फार डोके खाऊ नका. मुंबईचे सर जे. जे. 1857 पासूनचे, त्याची ओढ समजण्यासारखी आहे. पण सरकारी कला महाविद्यालय नागपूरला आहे, छत्रपती संभाजीनगरलाही आहे, आणि तिथे तर इथून थेट रेल्वे जाते. मुंबईच्या खोलीभाड्याचा हिशेब आधी मांडा. कलाशिक्षक व्हायचे तर दोन वर्षांचा एटीडी आहे, मात्र केवळ भरतीच्या भरवशावर तो करू नये.

‘पेंटिंग नको, उपयोजित कला घे, नोकरी तरी लागेल,’ हा सल्ला प्रत्येक घरात कोणीतरी देतोच. ही वाटणी सोयीची आहे, खरी नाही. पंढरपुरात 1915 साली जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरत. 1916 साली गुलबर्ग्यात जन्मलेले एस. एम. पंडित सिनेमाच्या पोस्टरांमुळे आणि कॅलेंडरांवरच्या देवादिकांमुळे घराघरांत पोचले. गुलबर्गाही तेव्हा परभणीसारखेच निजामाच्या राज्यात होते. गिऱ्हाइकाचे काम केल्याने दोघांच्या हातची कला काही बाटली नाही.

आज दुकानांच्या पाट्या फ्लेक्सने गिळल्या, हे खरे. पण गणपतीच्या डोळ्यांची आखणी, शाळांच्या बोलक्या भिंती, पुस्तकांची मुखपृष्ठे आहेत, आणि घरी बसून मुंबई-पुण्याच्या प्रकाशकाला पाठवता येतील अशी रेखाटनेही आहेत. पहिल्या वर्षापासून यातले छोटे काम घ्यावे. राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थ्यांचा विभाग वेगळा असतो, तिथे चित्र पाठवावे. नाकारले गेले तरी निवडलेली चित्रे जाऊन पाहावीत.

विद्यार्थी व्यावसायिक होतो तो पदवीच्या दिवशी नाही. किंमत काम घेण्याआधी सांगणे, थोडी उचल मागणे, ठरल्या तारखेला चित्र देणे आणि ‘जरा तोंड गोरं करा’ म्हटल्यावर न चिडता किती वेळा दुरुस्ती करणार हे आधीच ठरवणे, यातले कॉलेजात फारसे कोणी शिकवत नाही. आईवडिलांनी इथे मदत करावी. व्यवहार त्यांना कळतो.

पहिले गिऱ्हाईक बहुतेकदा काकाच निघतात आणि दुकानाचा बोर्ड घरचाच समजून फुकट मागतात. करून द्यावा, पण रंगाचे पैसे तरी घ्यावेत.