पिल्लाला आधी ऊब

वाचनासाठी शास्त्रभाग : मत्तय 23:37, नीतिसूत्रे 12:10



या वेळचा अभ्यास मुठीत मावेल एवढ्या जिवाचा आहे. अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले कोंबडीचे पिल्लू आजारी पडले तर काय करावे? शहरातील आपल्या काही वाचकांना हा विषय बातमीपत्रात कशाला, असे वाटेल. नवापूर तालुक्यातील पाड्यांवर मात्र कोंबडी म्हणजे घरातली रोकड असते. दवाखान्याचे गाडीभाडे, वह्यापुस्तके, अचानक आलेला पाहुणा, सगळे तिच्यावरच भागते. एका खेपेची बारा पिल्ले निघाली आणि त्यांतली आठ मोठी झाली, तर त्या घराचे काही महिने सुखाचे जातात. पिल्ले बहुधा पहिल्या आठवड्यातच दगावतात, आणि त्यातली बरीच वाचवता येतात.

माझी चूक आधी सांगते. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही बचत गटातील बायकांना वनराज जातीची एका दिवसाची पिल्ले वाटली, घरटी दहा. यंत्रात उबवलेली, म्हणजे आई नाही. प्रशिक्षणात मी सांगितले होते, "खोक्यात रात्रभर बल्ब लावून ठेवा." तिसऱ्या दिवशी सकाळी एका मावशींकडे गेले, तर खोक्याच्या कोपऱ्यात पिल्लांचा ढीग पडलेला. वरची तीन जिवंत होती, खालची सात चेंगरून मेली होती. बल्ब तर चालूच होता. मी त्याच्याजवळ हात नेला, तेव्हा कळले की तो एलईडीचा आहे. उजेड भरपूर, उष्णता जवळजवळ नाहीच. मी हे शिकले तेव्हा घरोघरी जुने पिवळे बल्ब होते. मधल्या काळात ते गेले आणि माझे शिकवणे तसेच राहिले. मावशी एवढेच म्हणाल्या, "ताई, तुम्ही सांगितलं तसंच केलं बघा." पुढे मी त्यांना माझ्या पैशांतून एक खुडूक कोंबडी आणून दिली, पण त्या वाक्याची भरपाई झाली असे मला वाटत नाही. दिवा आणि ऊब यावर चांगले प्रवचन होईल. ते पाळकांसाठी ठेवते. मला बल्बविषयीच बोलायचे आहे.

नवजात पिल्लाच्या अंगावर लव असते, पिसे नसतात. स्वतःचे अंग गरम ठेवणे त्याला जमत नाही. मोठ्या कोंबडीच्या अंगाचे तापमान सुमारे 41 अंश सेल्सिअस असते. ती ऊब नसेल तर पिल्लाच्या भोवती पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश उष्णता लागते, मग दर आठवड्याला तीनएक अंश कमी केली तरी चालते. गारठलेले पिल्लू मान टाकते, डोळे मिटते. आपण घाबरून त्याच्या चोचीत दाणा कोंबतो, पण अंग थंड असताना पचन चालत नाही. शिवाय एक-दोन दिवसांच्या पिल्लाला भुकेची घाईही नसते. अंड्यातून निघण्याआधी ते उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेते आणि त्यावर दोन-तीन दिवस निभावते. निर्मात्याने त्याला शिदोरी बांधूनच पाठवलेले असते. कोंबडी एकविसाव्या दिवशी उशिरा फुटणाऱ्या अंड्यांसाठी बसून राहते, तेव्हा आधी निघालेली पिल्ले उपाशी मरत नाहीत, ती यामुळेच. म्हणून क्रम असा धरावा : आधी ऊब, मग पाणी, मग दाणा.

खोके किंवा टोपली घ्या. तळाशी कोरडे तूस आणि त्यावर गोणपाट घाला. गुळगुळीत वर्तमानपत्र किंवा प्लास्टिक नको, त्यावर पाय घसरून फाकतात. जुना पिवळा 60 वॅटचा बल्ब मिळाला तर खोक्याच्या एकाच बाजूला टांगा, म्हणजे उकडले तर पिल्लाला दूर सरकता येईल. वीज नसेल तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा आणि निवली की पाणी बदला. निखाऱ्याचे मडके ठेवू नका. धुराने पिल्ले गुदमरतात आणि तूस पेटते. ऊब पुरते की नाही, हे पिल्लांकडे पाहून कळते. एकमेकांवर चढून मोठ्याने ओरडत असतील तर थंडी आहे. बल्बपासून लांब पळून चोच उघडून धापा टाकत असतील तर उकाडा आहे. पांगून शांत बसली असतील तर तुम्हीही झोपायला हरकत नाही.

अंग गरम झाल्यावर पाणी. वाटीभर कोमट पाण्यात चिमूटभर गूळ विरघळवा आणि चोचीचे टोक तेवढे बुडवा. पिल्लू आपणच मान वर करून गिळते. चमच्याने ओतू नका. जिभेमागेच श्वासनळीचे तोंड असते, ओतलेले पाणी सरळ फुप्फुसात जाते. ममतेने पाणी पाजून मारलेली पिल्ले आमच्याकडे थोडीथोडकी नाहीत. ताटलीत पाणी ठेवताना खडे टाका, नाहीतर अशक्त पिल्लू त्यातच बुडते. ते स्वतः टोचायला लागले की कणी किंवा मक्याचा बारीक भरडा द्या.

मग उलटे करून मागची बाजू पाहा. विष्ठा वाळून जागा बंद झाली असेल तर पिल्लू एका दिवसात मरू शकते. कोमट पाण्याचा कापूस धरून ती भिजवा आणि सुटेल तेवढीच काढा, ओढू नका. लगेच अंग कोरडे करून पुन्हा उबेत ठेवा. त्याच्या किंचित खाली, पोटाकडे, नाळेची खपली असते. तिलाच घाण समजून ओढणारे पुष्कळ आहेत, आणि त्याने पिल्लू रक्त जाऊन मरते. नाळ ओली, पोट फुगलेले आणि दुर्गंधी येत असेल तर आत जंतू शिरलेले असतात. असे पिल्लू फारसे वाचत नाही. त्याला उबेत शांत पडू द्यावे, औषधांचा मारा करू नये. हे करून झाल्यावर हात साबणाने धुवा, आणि लेकरांना पिल्लाचे मुके घेऊ देऊ नका.

आता शास्त्रभाग. नीतिसूत्रे 12:10 मध्ये नीतिमान माणूस आणि त्याचे जनावर यांविषयी जे सांगितले आहे, तेथील हिब्रू क्रियापदाचा मूळ अर्थ "जाणणे" असा आहे. माझ्याकडे त्या डिसेंबरात दया होती, जाणणे नव्हते. मत्तयाचा तेविसावा अध्याय आम्ही वर्गात परूश्यांवरील कठोर शब्दांचा म्हणून शिकलो. त्याच्या शेवटी प्रभू यरुशलेमेसाठी कळवळतो आणि स्वतःला कोंबडीची उपमा देतो. अनुवाद 32:11 मध्ये गरुडाचे पंख पिल्लांना उचलून नेतात. कोंबडीचे पंख कुठे नेत नाहीत, फक्त खाली घेतात. मेलेल्या सात पिल्लांचे खोके रिकामे केल्यावर हे वचन मी पुन्हा वाचले, तेव्हा ते मला पूर्वीसारखे वाचता आले नाही.

मात्र एक सीमा सांगितलीच पाहिजे. एखादे पिल्लू मलूल होणे वेगळे आणि खुराड्यातल्या कोंबड्या पटापट मरणे वेगळे. फेब्रुवारी 2006 मध्ये भारतातील बर्ड फ्लूची पहिली साथ नवापूरलाच आढळली. तेव्हा पोल्ट्रीतल्याच नव्हे, परसातल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. अनेक कोंबड्या एकदम मेल्या तर शुश्रूषा करत बसू नका. त्यांना हात लावू नका, खाऊ नका, विकू नका, ओढ्यात फेकू नका. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मानमोडीवर, म्हणजे राणीखेतवर, औषध नाही, लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकतात. एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात आणि मिसळल्यावर ती फार वेळ टिकत नाही. त्यामुळे पाड्याने मिळून दिवस ठरवावा आणि लस बर्फातूनच आणावी.

गेल्या पावसाळ्यात वसतिगृहातील पाचवीची एक मुलगी रविवारी घरून परतली ती ओढणीत एक थंडगार पिल्लू घेऊन. स्वयंपाकघरात बाटली ठेवली. दोन तासांनी ते चिवचिवले, संध्याकाळी चोच बुडवू लागले, तिसऱ्या दिवशी कणी टोचू लागले. पुढच्या रविवारी ते घरी न्यायचे ठरले, तेव्हा ती दारात थांबली.

"ताई, आमच्याकडे पिवळा बल्ब नाही. बाटली चालेल ना?"

"चालेल. पण रात्री दोन-तीनदा उठून पाणी बदलावं लागेल."

"आई उठतेच," ती म्हणाली, "बाळासाठी."