मेन्सा : पर्वताच्या नावाचा तारकासमूह

दक्षिण खगोलीय ध्रुवाच्या निकट, जेथवर प्राचीन ग्रीकांची दृष्टी कधी पोहोचलीच नाही, तेथे मेन्सा नावाचा एक लहानसा तारकासमूह आहे. त्यातील सर्वांत तेजस्वी तारा आल्फा हा जेमतेम पाचव्या प्रतीचा आहे. मान्यताप्राप्त ८८ तारकासमूहांत इतका मंद प्रमुख तारा दुसऱ्या कोणत्याही समूहाच्या वाट्यास आलेला नाही. मात्र हा तारा सूर्याच्याच जातीचा असून ३३ प्रकाशवर्षे दूर आहे. तेथून आपला सूर्य पाहिल्यास तोही असाच फिकट दिसेल. कन्याकुमारीहूनही हा तारा क्षितिजावर सुमारे सात अंशच चढतो. मुंबईत तर तो उगवतच नाही.

या समूहाची आखणी फ्रेंच ज्योतिर्विद निकोला लुई द लाकाय याने केली. १७५१ मध्ये तो केप ऑफ गुड होप येथे आला आणि अर्ध्या इंच व्यासाच्या भिंगाच्या दुर्बिणीने त्याने वर्षभरात सुमारे दहा हजार ताऱ्यांची स्थाने निश्चित केली. इतके वेध नोंदवायचे तर नकाशावरील मोकळ्या जागांना नावे हवीत, म्हणून त्याने चौदा नवे समूह कल्पिले. त्यांपैकी तेरा कला व विज्ञान यांच्या साधनांचे आहेत : दुर्बीण, सूक्ष्मदर्शक, घड्याळ, वातपंप इत्यादी. आकाशाचे त्याने कोठार केले, असा आक्षेप घेता येईल. परंतु ही नावे वेध घेणाऱ्याच्या सोयीसाठी होती, हे विसरून चालणार नाही.

चौदावे नाव मात्र पर्वताचे आहे. ज्या टेबल पर्वताच्या छायेत हे वेध घेतले गेले, त्याच्या सपाट माथ्यावर आग्नेय वारा सुटला की शुभ्र ढग पसरतो. त्याला तेथील लोक टेबलावरची चादर म्हणतात. आकाशातही मोठ्या मॅगेलन मेघाचा धूसर पट्टा या समूहाच्या उत्तर सीमेवर असाच पसरलेला आहे. पुढे जॉन हर्शेलच्या सूचनेवरून लॅटिन नाव संक्षिप्त झाले, आणि त्यातून पर्वत गळून नुसते टेबल उरले!

मॅगेलन मेघ म्हणजे सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवरील एक लहान दीर्घिका होय. तिच्या सीमेवरील एनजीसी १८४१ हा गोलाकार तारकागुच्छ या समूहात मोडतो. समूहातीलच पाय या ताऱ्याभोवती २००१ मध्ये एक प्रचंड ग्रह आढळला. २०१८ मध्ये टेस उपग्रहाने तेथे सव्वासहा दिवसांत प्रदक्षिणा पुरी करणारा आणखी एक ग्रह शोधला.

सर्वांत दूरची वस्तू आहे ती पीकेएस ०६३७-७५२ हा क्वेसार. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचे नाव धारण करणारी चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण १९९९ मध्ये अवकाशात गेली, तेव्हा तिचे केंद्रीकरण तपासण्यासाठी हा क्वेसार निवडला गेला. प्रतिमेत नुसता एक बिंदू अपेक्षित होता. प्रत्यक्षात त्यातून लक्षावधी प्रकाशवर्षांच्या मापाचा क्ष-किरणांचा झोत बाहेर पडताना दिसला.