आज काय काय राहिलंय?

यादी करायला आपल्याला कुणी शिकवायला नको. जयंतराव साळगावकरांचं कालनिर्णय १९७३ साली आलं आणि मराठी घरांनी तिथी-वारांइतकाच त्यातल्या रिकाम्या जागेचा उपयोग करून घेतला. दुधाचे खाडे, गॅसची टाकी लावली ती तारीख, भिशी, बाळाचा डोस, पालकसभा, सगळं तिथंच, हाताला लागेल त्या पेनानं. त्याआधीच्या बायका पदराला गाठ मारत. गाठ हाताला लागली की आठवायचं, अगंबाई, हळद आणायची राहिली!

त्या चौकोनात मावेल तेवढंच लिहिता यायचं, हे मला आता फार बरं वाटतं. मोबाईलमध्ये कितीही मावतं. आपण घालत राहतो, ते वाढत राहतं.

आणि रात्री? ओटा पुसून, दाराला कडी लावून आडवं झालं की डोकं सुरू होतं. उद्या डब्याला काय? कार्डशीट कोण आणणार? सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या परवापर्यंतच पुरतील. व्हॅनवाल्या काकांचे पैसे द्यायचे राहिले. शेजारी मूल गाढ झोपलेलं असतं आणि आपण पंख्याकडे बघत पडलेलो. तुमच्याकडेही हेच चालत असणार.

यावर एक साधा उपाय आहे आणि तो कुणीतरी तपासूनही बघितलाय. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी ५७ तरुणांना झोपण्याआधी ५ मिनिटं लिहायला बसवलं. निम्म्यांनी येत्या दिवसांत करायची कामं लिहिली, निम्म्यांनी झालेली. करायची कामं लिहिणारे सरासरी ९ मिनिटं आधी झोपले, आणि ज्यांची यादी जास्त नेमकी ते आणखी लवकर. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ५७ म्हणजे काही फार माणसं नव्हेत, शिवाय सगळी निरोगी आणि तरुण. पण आपल्या झोपेतली ९ मिनिटं मला तरी सोडवत नाहीत.

२०११ सालच्या दुसऱ्या एका संशोधनात दिसलं, की अर्धवट राहिलेलं काम मनाला टोचत राहतं. पण ते कधी आणि कसं करायचं एवढं ठरवलं तरी टोचणी बरीच थांबते. काम उरकलेलंच असायला हवं असं नाही. म्हणून ‘कार्डशीट’ एवढंच लिहू नका. ‘कार्डशीट, ऑफिसातून येताना, महाद्वार रोडवरनं’ असं लिहा आणि दिवा मालवा.

हे झालं आपलं. आता लेकरांचं.

सकाळी साडेसहापासून आपण काय करतो? यादी मोठ्यानं वाचतो. ऊठ. दात घासलेस? दूध संपव. दप्तर भरलंस का? बाटली? बुटाची नाडी बघ. संध्याकाळी पुन्हा तेच: गृहपाठ, पाढे, क्लास, जेवण, उद्याचं दप्तर. आपल्याला ती काळजी वाटते, आणि असतेही. मुलाच्या कानावर मात्र दिवसभर एकच सूर पडतो, तुझं अजून काहीतरी राहिलंय.

आमचा धाकटा एकदा सहज म्हणाला, “आई, तू मला सारखं राहिलेलंच विचारतीस. झालेलं कधी विचारणार?” चिडून नव्हे, पोहे खाता खाता.

आपापल्या याद्या काढून बघा. मुलांची नावं त्यात कशी येतात? नाव, पुढे आडवी रेघ, आणि रेघेपुढे काम. गणित. केस कापणे. फी. त्याच्या डोक्यातलं काय चाललंय ते कुठंच नसतं. जिन्याखाली मांजरीनं पिल्लं घातलीत, ती बघायचीत. बाकावरचा मित्र दोन दिवस बोलत नाहीये, त्याला विचारायचंय. शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेची मॅच आहे. ही मुलाच्या यादीतली अत्यंत तातडीची कामं आहेत. आपण त्यांना ‘टाइमपास’ म्हणतो.

का म्हणतो, तेही आपल्याला ठाऊक आहे. भीती. मागं पडेल ही भीती. स्कॉलरशिपच्या वर्षाला तर ती घरात आणखी एका माणसासारखी वावरते. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाच्या तरी मुलीनं सोडवलेल्या सरावपत्रिकांचा फोटो येतो आणि आपण जेवता जेवता पोराच्या यादीत दोन ओळी वाढवतो.

त्यात आपले अंदाजही कच्चे. आपलेच नव्हे, सगळ्यांचे. १९९४ सालच्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध साधारण ३४ दिवसांत पुरा होईल असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवस लागले. ती मोठी मुलं, स्वतःच्याच कामाबद्दल बोलत होती. मग सातवीतल्या पोरीचा इतिहासाचा धडा अर्ध्या तासात होईल, हे आपण कशाच्या जोरावर ठरवतो? नाही झाला की ती ‘रेंगाळते’.

आपल्या कोल्हापुरात एक यादी मात्र मुलं न कुरकुरता पाळतात, ती पुराची. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकलं, की सुतारवाडा, कुंभार गल्ली अशा सखल भागांत आवराआवर सुरू होते. ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ चे पूर ज्या घरांनी सोसले, त्यांना कागदपत्रं, औषधं, वर चढवायचं सामान पाठच झालंय. त्या धांदलीत मुलाला कुणीतरी सांगतं, “तुझी पुस्तकं आणि मांजर तू बघ.” एरवी मोज्यांना वीस मिनिटं घेणारं पोरगं ते नीट करतं. काम खरोखर गरजेचं असतं, ते त्याचं असतं आणि दर पाच मिनिटांनी त्याला कुणी ‘झालं का?’ विचारत नाही. मोठ्यांना तेवढी सवडच नसते!

रोज पूर नको, पण एवढं तरी घेता येईल. रविवारी सकाळी एक कोरा कागद आणि पेन्सिल मुलाच्या हातात द्या. लिहायचं ते त्यानंच. बालवाडीतलं असेल तर चित्रं काढू द्या, ब्रश, दप्तर, चप्पल. तीन-चार गोष्टी खूप झाल्या, त्यातली एक निव्वळ त्याच्या मनातली. अक्षर वाकडं आलं तरी दुरुस्त करू नका, हे सगळ्यात अवघड. झालेल्या कामापुढच्या प्रत्येक खुणेला चॉकलेट मात्र नको, नाहीतर ब्रश करायलाही सौदा सुरू होतो.

राहिलेलं काम उद्याच्या कागदावर जाऊ दे. रात्री एकदा उलट प्रश्न विचारून बघा, आज काय झालं? सुरुवातीला ‘काही नाही’ येईल. मग अंधारात हळूहळू बाकावरच्या मित्राची गोष्ट बाहेर येईल.

आपल्या यादीतही एक ओळ आपली असू द्या. रंकाळ्यावर एक फेरी, बहिणीला फोन, काहीही. मुलं बघत असतात, आईबाबांच्या कागदावर त्यांच्या स्वतःसाठी काही असतं का ते.

आणि पहिल्याच आठवड्यात मूल मोठ्या अक्षरात ‘मॅच’ लिहिणार, हे धरून चाला. ती नेमकी क्लासच्या वेळेला असणार. क्लासच्या बाईंना आदल्या दिवशीच मेसेज टाका, आणि बुडालेला धडा कधी भरून काढायचा ते त्यालाच त्या ‘मॅच’च्या खाली लिहायला सांगा.