मुलांच्या डोळ्यांचा कर्करोग : निदानानंतरचा आधार

कर्करोग म्हटला की प्रौढ किंवा वृद्ध रुग्ण आपल्या डोळ्यांसमोर येतो. दोन वर्षांच्या बालकालाही हा रोग होऊ शकतो, हे मनाला सहजासहजी पटत नाही. परंतु दृष्टिपटलाचा कर्करोग, ज्यास वैद्यकशास्त्रात ‘रेटिनोब्लास्टोमा’ म्हणतात, तो बहुतांशी पाच वर्षांखालील मुलांनाच होतो. सुमारे १५,००० ते २०,००० जन्मांमागे एखाद्या बालकात आढळणारा हा विरळा रोग आहे. वेळीच उपचार झाल्यास तो बरा होतो. प्रगत देशांत अशी ९५ टक्क्यांहून अधिक मुले वाचतात. आपल्याकडे मात्र उशिरा झालेले निदान आणि अर्धवट सोडलेले उपचार यांमुळे टाळता येण्याजोगे मृत्यू ओढवतात. म्हणूनच निदानानंतर कुटुंबाला मिळणारा आधार हा उपचाराचाच एक भाग मानला पाहिजे.

रोगाची ओळख

डोळ्याच्या मागील बाजूस प्रकाश टिपणारा जो नाजूक पडदा असतो, तो म्हणजे दृष्टिपटल. या पडद्यातील पेशींच्या वाढीवर ‘आरबी-१’ नावाच्या जनुकाचे नियंत्रण असते. हे नियंत्रण सुटले की तेथे गाठ वाढू लागते. अशी गाठ होण्यास पेशीत एक नव्हे, तर दोन बिघाड घडावे लागतात, असा सिद्धान्त अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली मांडला. काही बालकांत यांपैकी पहिला बिघाड जन्मतःच असतो. अशांना बहुधा दोन्ही डोळ्यांत रोग होतो.

बाहुलीत काळेपणाऐवजी पांढरी चमक दिसणे, हे या रोगाचे प्रमुख लक्षण होय. मंद उजेडात मांजराच्या डोळ्यासारखी ही चमक प्रथम आईच्याच ध्यानात येते. कधी फ्लॅश वापरून काढलेल्या छायाचित्रात ती दिसते. डोळा तिरळा होणे, हेही एक लक्षण आहे. अशा चमकेला मोतीबिंदू इत्यादी अन्य कारणेही असू शकतात. तथापि, घरगुती थेंब घालीत न बसता नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी करून घेणे हाच योग्य मार्ग होय.

दोष कोणाचा?

निदान होताच घरात पहिला प्रश्न उठतो तो दोषाचा. ग्रहण पाळले नाही, दृष्ट लागली, आईच्या खाण्यापिण्यात काही चुकले, असे नाना तर्क निघतात आणि त्यांचा भार बहुधा आईवरच पडतो. यांपैकी कशालाही शास्त्रीय आधार नाही. रोग संसर्गजन्यही नाही. जनुकातील बिघाड आईकडून वा वडिलांकडून आलेला असू शकतो, तसेच तो बालकात नव्यानेच उद्भवलेलाही असू शकतो. त्यात कोणाचाही अपराध नसतो. डॉक्टरांनी ही गोष्ट आई, वडील व आजी-आजोबा यांना एकत्र बसवून सांगितल्यास घरातील कलह टळतो आणि सर्वांचे लक्ष उपचाराकडे वळते.

निर्णयाची घडी

रोग मर्यादित असेल तर रसायनोपचार, लेसर किंवा अतिशीत उपचार यांनी डोळा वाचविता येतो. परंतु गाठ फार वाढलेली असल्यास डोळा काढण्याचा सल्ला दिला जातो. येथेच पुष्कळ पालक माघार घेतात. ‘मूल हसते, खेळते, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू’, असे म्हणून ते घरी परततात. मुलगी असेल तर तिच्या लग्नाची चिंता त्यात भर घालते. ही भीती स्वाभाविक आहे. परंतु रोग थांबत नाही. दृष्टीच्या नसेवाटे तो मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. मग डोळाही जातो आणि मूलही.

अशा वेळी केवळ सहीसाठी कागद पुढे करणे पुरेसे नसते. रोग डोळ्यातच असताना शस्त्रक्रिया झाल्यास बहुतेक मुले बरी होतात, पुढे कृत्रिम डोळा बसविता येतो आणि एका डोळ्याच्या दृष्टीवर मूल शाळा शिकते, खेळते, हे पालकांना सावकाश समजावून सांगावे लागते. याच वाटेने गेलेल्या कुटुंबाची भेट घालून देणे सर्वांत परिणामकारक ठरते. कृत्रिम डोळा बसविलेले हसरे मूल प्रत्यक्ष पाहिल्यावर पालकांची अर्धी भीती ओसरते.

मदतीचे मार्ग

गावाहून मुंबईसारख्या शहरी येणाऱ्या कुटुंबाची रोजची मजुरी बुडते. राहण्याची पंचाईत होते. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात. त्यांतील अनेकांना दादर येथील संत गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेचा आसरा मिळतो. ‘सेंट ज्यूड इंडिया’ ही संस्था २००६ पासून कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांची विनामूल्य निवासव्यवस्था करीत आली आहे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. अंगीकृत रुग्णालयातील ‘आरोग्यमित्र’ तिची माहिती देतात. कर्करुग्णांना रेल्वे प्रवासात सवलत मिळते. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाची पहिल्याच दिवशी भेट घेतल्यास पुढील बरीच धावपळ वाचते. शिधापत्रिका, आधारपत्र आणि सर्व तपासण्यांचे कागद जवळ ठेवावेत.

गावाचाही यात वाटा आहे. मागे राहिलेल्या भावंडांना सांभाळणे, पेरणीच्या दिवसांत शेतीला हात देणे, तपासणीची तारीख चुकू न देणे, ही कामे शेजारी, शिक्षक, आशा सेविका व अंगणवाडी सेविका सहज करू शकतात. मूल शाळेत परतल्यावर त्याला कोणी चिडवणार नाही, याची काळजी शिक्षकांनी वाहिली पाहिजे.

उपचारानंतर

उपचार संपले तरी तपासण्या संपत नाहीत. दुसऱ्या डोळ्याची ठरावीक काळाने पाहणी करावी लागते. रोग आनुवंशिक असल्यास पुढील आयुष्यात हाडांचा वा अन्य कर्करोग होण्याचा धोका अधिक असतो. अशा रुग्णाच्या प्रत्येक अपत्यात हा बिघाड उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. म्हणून लहान भावंडांचीही नेत्रतपासणी करून घ्यावी व नवजात बालकाची तपासणी जन्मानंतर लगेच व्हावी.

रोग विरळा असल्याने अशा कुटुंबाला आपण एकटेच आहोत असे वाटते. रुग्णालयातून घरी परतलेले कुटुंब पुढच्या तारखेस पुन्हा गाडीत बसले पाहिजे. त्याला तेवढे बळ देणे आपणा सर्वांच्या हाती आहे.