सीईटी-जेईईची पुस्तकं : आधी परीक्षा ठरवा, मग पैसे मोजा

अकरावीला विज्ञान शाखेत प्रवेश झाला की गणित आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकांची यादी घरात येते. क्लासच्या नोट्स, दोन-तीन संदर्भग्रंथ, टेस्ट सिरीज, एखादं ॲप. बघता बघता काही हजार रुपये जातात आणि बरंचसं साहित्य कोरंच राहतं. हा खर्च टाळता येतो.

परीक्षा कोणती?

एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताच्या ५० प्रश्नांना ९० मिनिटं आणि प्रत्येकी २ गुण. चुकलं तरी गुण कापले जात नाहीत. ८० टक्के भर बारावीवर, २० टक्के अकरावीच्या ठरावीक प्रकरणांवर.

जेईई मेनमध्ये तीन विषयांचे ७५ प्रश्न ३ तासांत असतात. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकल्यास १ वजा. इथे प्रश्नामागे जवळपास अडीच मिनिटं मिळतात, पण प्रश्नही तेवढा विचार मागतो.

म्हणून सीईटीसाठी हाताला वेग देणारा प्रश्नसंग्रह हवा, तर जेईईसाठी संकल्पना पक्की करणारं पुस्तक.

आधी फुकट मिळतं ते

- बालभारती आणि एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळांवर पीडीएफ रूपात मोफत आहेत. सीईटीचा पाया बालभारतीच.
- जेईई मेनच्या मागच्या प्रश्नपत्रिका ही परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या संकेतस्थळावर मिळतात.
- आयआयटी कानपूर आणि केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या ‘साथी’ पोर्टलवर व्हिडिओ आणि सराव चाचण्या विनामूल्य आहेत.
- इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी ‘महाज्योती’ मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते. तिच्या अर्जाची मुदत चुकवू नका.

विकत काय घ्यावं?

सीईटीसाठी प्रत्येक विषयाचा एकच प्रकरणवार प्रश्नसंग्रह पुरतो. साधारण ४०० ते ८०० रुपयांत मिळतो. घेण्याआधी शेवटची पानं उघडा. नुसती उत्तरं असतील तर ठेवून द्या. रीत समजावलेली असेल तरच घ्या. सीईटीचा गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत असतो, त्यामुळे मराठी माध्यमातल्या मुलांनीही गणिताचा संग्रह इंग्रजीतलाच घ्यावा.

जेईई देणार असाल तर भौतिकशास्त्रासाठी एच. सी. वर्मांच्या पुस्तकाचे दोन्ही भाग घ्या. किंमत मिळून हजाराच्या आसपास. गणितासाठी आणखी एक पुस्तक. फक्त सीईटी द्यायची असेल तर हा खर्च नको.

दोन्ही विषय, दोन्ही परीक्षा धरून अडीच ते तीन हजारांत काम भागतं. फक्त सीईटी असेल तर दीड हजार पुरे.

जुनी पुस्तकं

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा माटुंग्याच्या पदपथावर जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात. वर्मांसारखं पुस्तक जुनं चालतं. प्रश्नसंग्रह घेताना मात्र साल बघा : जेईई मेनचा अभ्यासक्रम २०२४ मध्ये कमी झाला आणि २०२५ पासून ऐच्छिक प्रश्न गेले. बालभारतीची अकरावीची सध्याची पुस्तकं २०१९ ची, बारावीची २०२० ची. त्याआधीचा सीईटी संग्रह घेऊ नका.

क्लासची फी

छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, क्लासच्या फीवर मात्र १८ टक्के आहे. एक लाख फी सांगितली तर कर धरून की वगळून, हे आधी विचारा. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार क्लासने नोट्सचे वेगळे पैसे घेऊ नयेत आणि पूर्ण फी भरून विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी. प्रत्येक पावती जपून ठेवा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.

पालकांनो, दुसरं पुस्तक मागायला आलेल्या मुलाला पहिल्यातली किती प्रकरणं सोडवून झाली ते विचारा. पहिलं संपलं असेल तर दुसरं आनंदानं आणून द्या.