कोमल गंधाराची रेघ आणि गाण्याच्या कागदावरचा फॉन्ट



आधी एक छोटंसं कोडं. सा रे ग प ध. ही पाच अक्षरं कागदावर आहेत. राग कोणता? बहुतेक जण भूप म्हणतील आणि ते बरोबरच आहे. आता फक्त 'ग'खाली एक आडवी रेघ द्या, म्हणजे गंधार कोमल करा. भूप गेला, शिवरंजनी आला. ती रेघ पुसा आणि 'रे' व 'ध' यांच्याखाली द्या, विभास झाला. अक्षरं तीच पाच. राग ठरवला तो रेघेनं.

ही रेघ आपण संगणकावर कशी देतो? अक्षर निवडतो आणि अंडरलाइनचं बटण दाबतो. छापील कागदावर ती छान दिसते. पण तोच मजकूर उचलून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला की रेघ गळते. ती अक्षराचा भाग नव्हतीच ना! ती वरून चढवलेली सजावट होती, आणि सजावट प्रवासात टिकत नाही. मूल घरी हार्मोनियमवर शुद्ध गंधार घोटत बसतं, आणि घरच्यांना वाटतं, वा, रियाज छान चाललाय!

निबंधात एखाद्या शब्दाखालची रेघ गेली तर अर्थ बदलत नाही. स्वरलिपीत बदलतो. म्हणून माझं म्हणणं असं की, गाण्याच्या कागदावर ज्या खुणेला अर्थ आहे ती खूण फॉरमॅटिंगनं द्यायचीच नाही. ती अक्षर म्हणूनच टाइप करायची.

तसं अक्षर आहे का? आहे. वेदांच्या पोथ्यांत अक्षराखाली आडवी आणि अक्षरावर उभी रेघ असते, ती तुम्ही पाहिली असेल. ही वैदिक स्वरचिन्हं युनिकोडच्या देवनागरी संचात आधीपासून आहेत. उभ्या रेघेचा क्रमांक ०९५१, आडव्या रेघेचा ०९५२. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ असते. म्हणजे आपल्याला हवं ते आयतंच मिळालं: रे॒ ग॒ ध॒ नि॒ आणि म॑. विंडोजवरच्या वर्डमध्ये अक्षर लिहून पुढे हा क्रमांक इंग्रजी अंकांत टाइप करा आणि अल्ट व एक्स एकत्र दाबा. क्रमांकाच्या जागी चिन्ह येतं. एकदा ही पाच अक्षरं तयार करून एका फाइलमध्ये ठेवली की पुढे नुसतं कॉपी-पेस्ट. आता ती मेसेजमधून पाठवा, ईमेलनं पाठवा, रेघ अक्षराला चिकटून राहते.

सप्तकाच्या टिंबांचंही तसंच. भातखंडे पद्धतीत तार सप्तकाला वर टिंब, मंद्राला खाली टिंब. वरच्या टिंबासाठी अनुस्वार वापरता येतो (सां, रें, गं), खालच्यासाठी नुक्ता (ध़, प़). मंद्र निषाद लिहिताना मात्र क्रम सांभाळा: आधी न, मग नुक्ता, मग वेलांटी, म्हणजे ऩि. कोमलाची रेघ याउलट सगळ्यात शेवटी येते. हे पहिल्यांदा किचकट वाटेल, पण दोन-तीन वेळा केलं की हात बसतो.

एक सावधगिरी. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांच्या पद्धतीत मंद्र सप्तकाचं टिंब वर असतं आणि तार सप्तकासाठी वर उभी रेघ. म्हणजे तेच टिंब एका पद्धतीत स्वर वर नेतं, दुसरीत खाली आणतं! वर्गात काही मुलं एका गुरूंकडून आलेली असतात, काही दुसऱ्या. तेव्हा कागदाच्या डोक्यावर 'चिन्हे भातखंडे पद्धतीची' एवढी ओळ न चुकता टाकावी.

फॉन्ट कोणता, हा प्रश्न नेहमी येतो. पहिली अट एकच, युनिकोड हवा. बर्डीवर टाइप करून घेतलेल्या जुन्या फाइली अनेक शाळांत आहेत, कृतीदेव किंवा श्रीलिपीतल्या. त्यात आत साठवलेली अक्षरं इंग्रजीच असतात, फॉन्ट त्यांना फक्त मराठी चेहरा देतो. फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर तो चेहरा उतरतो आणि उरतो निव्वळ काला. युनिकोडमध्ये नोटो सान्स देवनागरी मोफत आहे आणि त्यात वरची दोन्ही चिन्हं आहेत. मुक्त हा फॉन्टही मोफत आहे. राज्य मराठी विकास संस्थेनं दिलेला यशोमुद्राही घ्या. कोणताही घ्या, पण आधी त्यात ग॒ आणि म॑ लिहून बघा. चिन्ह बाजूला सरकत असेल किंवा चौकोन दिसत असेल तर तो फॉन्ट निमंत्रणपत्रिकेसाठी ठेवा.

वर्डमध्ये स्वरलिपी मांडताना स्पेसबार बडवू नका. देवनागरीत प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते. फॉन्ट बदलला की सगळी ओळ सरकते आणि त्रितालात नवव्या मात्रेवर असलेली खाली दहाव्याखाली जाऊन बसते. सोळा रकान्यांचा तक्ता करा, प्रत्येक मात्रेला एक घर.

आता पाच रेघांच्या नोटेशनकडे वळू. कीबोर्ड, गिटार, शाळेचा बँड यांसाठी आजकाल ती लागतेच. २०२३ पासून नागपूरच्याच कवी राजा बढे यांचं 'जय जय महाराष्ट्र माझा' हे आपलं राज्यगीत झालंय आणि परिपाठात ते आलंय. श्रीनिवास खळे यांची चाल, शाहीर साबळे यांचा आवाज. ऐकून सगळ्यांना येतं, पण बँडच्या मुलांना कागद लागतो. त्यासाठी म्यूझस्कोअर हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे. स्वर निवडून कंट्रोल आणि एल दाबलं की त्याखाली शब्द लिहिता येतात. स्पेस दाबली की पुढच्या स्वरावर जातो, आणि शब्द अजून संपला नसेल तर स्पेसऐवजी जोडरेघ द्यायची.

इथं मराठीचा खरा प्रश्न येतो. 'विद्यार्थी' कुठे तोडायचा? वि-द्या-र्थी. 'विद्यार्-थी' असं तोडलं तर पायमोडका र् उघडा पडतो आणि मुलं तिथं अडखळतात. 'महाराष्ट्र'सुद्धा म-हा-रा-ष्ट्र. जोडाक्षर फोडायचं नाही, ते ज्या स्वरावर उच्चारलं जातं तिथं अख्खं ठेवायचं. आणि जोडरेघ गाळू नका. रोमन लिपीत अक्षरं सुटी असतात, आपल्याकडे शिरोरेखा तुटली की वाचणाऱ्याला शब्द संपला असंच वाटतं.

म्यूझस्कोअरचा नेहमीचा फॉन्ट एडविन. त्यात देवनागरी नाही. तरी मराठी दिसतं, कारण संगणक गुपचूप स्वतःकडचा एखादा फॉन्ट उसना देतो. तुमच्या संगणकावर तो एक, ऑफिसच्या संगणकावर दुसरा. म्हणून एका पानावर बसलेलं गाणं दुसरीकडे दीड पान होतं. यावर उपाय असा की फॉरमॅट मेनूतल्या स्टाइलमध्ये जायचं, तिथं टेक्स्ट स्टाइल्स उघडायच्या आणि लिरिक्सच्या दोन्ही स्टाइलना (विषम ओळी, सम ओळी) आपला फॉन्ट नेमून द्यायचा. शीर्षक, कवी, संगीतकार यांच्या स्टाइल वेगळ्या असतात, त्याही तिथंच. एकेक अक्षर निवडून फॉन्ट बदलत बसण्यात संध्याकाळ जाते, आणि नंतर जोडलेलं कडवं पुन्हा जुन्याच फॉन्टमध्ये येतं.

आकार लहान मुलांसाठी निदान १२ ठेवा. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार, दोन्हीकडे जागा लागते. तेव्हा दोन कडवी एकाखाली एक असतील तर ओळींतलं अंतरही वाढवा, नाहीतर पहिल्या कडव्याचा उकार दुसऱ्याच्या मात्रेत घुसतो. ठळक अक्षर शीर्षकापुरतंच. तिरपं तर नकोच. बहुतेक मराठी फॉन्टना खरं तिरपं रूप नसतं, संगणक सरळ अक्षर नुसतं कलतं करतो. 'सावकाश', 'जोशात' अशा सूचना एक्स्प्रेशन म्हणून लिहिल्या तर त्या आपोआप तिरप्या येतात. तिथलं इटालिक काढून टाका.

हे सगळं एकदा मनासारखं जमलं की फॉरमॅट मेनूतूनच स्टाइल सेव्ह करा. ती छोटी फाइल शाळेतल्या दुसऱ्या संगीत शिक्षकांना द्या, त्यांनी लोड केली की त्यांच्या गाण्यांनाही तोच फॉन्ट आणि तीच मापं मिळतात. फॉन्टची फाइल मात्र त्यांच्या संगणकावर वेगळी बसवावी लागते. पालकांना पाठवताना पीडीएफ करा. त्यात अक्षरांचे आकार सोबतच जातात, त्यामुळे मोबाइलवर तो फॉन्ट असो-नसो, कागद तसाच दिसतो.