समुपदेशन झालं म्हणजे नेमकं काय झालं?



वस्तीतली एक आई मला म्हणाली, "सिस्टर, पोराला चारदा समुपदेशनाला नेलं, काही फरक नाही." तिथं काय करतात, मी विचारलं. "दारू वाईट आहे, घराकडे बघ, असं सांगतात." अगं, हे तर तूही रोजच सांगतेस!

इंजेक्शन दिलं की चार्टवर औषध, डोस, वेळ लिहितो. बोलण्याच्या उपचाराचा चार्ट कसा ठेवायचा? गोव्यात 'संगाथ' संस्थेनं ते करून दाखवलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून दोन वेगळे उपचार दिले. एक उदासीसाठी: मन रमेल अशी लहान लहान कामं रुग्णासोबत ठरवायची, पुढच्या भेटीत ती झाली का विचारायचं. दुसरा दारूसाठी: उपदेश करायचा नाही, कमी का करायची हे त्याच्याच तोंडून काढायचं.

रुग्णाची परवानगी घेऊन भेटी रेकॉर्ड केल्या. समुपदेशक एकमेकांच्या भेटी ऐकत आणि ठरलेल्या तक्त्यावर गुण देत, तज्ज्ञही देत. ठरलेली पायरी घेतली का, हे एक. ती कशी घेतली, हे दुसरं. सगळ्या पायऱ्या घेतल्या पण माणसाचं ऐकलंच नाही, तर गुण कमी. अमेरिकेत १९८० च्या दशकात उदासीवरच्या मोठ्या अभ्यासात असंच टेप ऐकून, कोणता उपचार चाललाय हे ओळखू येतं का, ते तपासलं होतं. ओळखू येत नसेल तर दोन उपचारांची तुलना कशाची करणार?

गोव्याचा निकाल २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. उदासीचे ४९५ रुग्ण होते. तीन महिन्यांनी हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के उदासीतून बाहेर आले, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत ३९ टक्के. काय दिलं हे तपासलेलं होतं, म्हणून या आकड्यांवर माझा विश्वास बसतो.

तेव्हा बायांनो, समुपदेशकाला विचारायला लाजू नका. कोणता उपचार देताय? किती भेटी? घरी काय करायचं? मागच्या वेळी ठरलेलं त्यांनी विचारलं का? तुमचं काम कोण तपासतं, हेही विचारा. चांगला समुपदेशक रागावत नाही.

दारू उतरली की ज्याचे हात थरथरतात, त्याची दारू घरी एकाएकी बंद करू नका, झटके येऊ शकतात. आधी दवाखान्यात न्या. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर सरकारी टेलिमानसचा १४४१६ हा फुकट नंबर रात्रीही चालतो.